स्पॉन्सरशिप मागे घेतो म्हणे!

'प्रायोजक' हा शब्द आमच्या घरात आला तो दूरदर्शनमुळे. मालिका सुरू व्हायच्या आधी कुठल्याशा साबणाचं नाव झळकायचं, या कार्यक्रमाचे प्रायोजक आहेत अमुक अमुक. पुढे शाळेच्या स्नेहसंमेलनाला गावातल्या सराफांनी हजार रुपये दिले की आम्ही फळ्यावर रंगीत खडूने त्यांचं नाव लिहायचो. तेही प्रायोजकच. प्रायोजकाचं मन फिरलं तर काय व्हायचं? फार तर पुढच्या वर्षी फळ्यावर दुसऱ्या दुकानाचं नाव! पण माणसाचाही प्रायोजक असतो, आणि "मी तुझी स्पॉन्सरशिप मागे घेतो" एवढ्या एका वाक्यावर तो एखादीची महिनोन् महिने झोप उडवू शकतो, हे मला वयाच्या बहात्तराव्या वर्षी कळलं.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीची ही गोष्ट. तिला विचारून लिहितेय. "मावशी, नाव घालू नकोस, बाकी सगळं लिही, कुणाच्या तरी उपयोगी पडेल," असं ती म्हणाली. नातलगांपैकी जे हे वाचतील ते ओळखतीलच. त्यांना एकच विनंती, वाचून झाल्यावर माझ्या बहिणीला फोन करून "अगंबाई, खरं का?" असं विचारू नका. तिचं विचारून घेऊन झालंय.

लग्न झालं डिसेंबर २०२० मध्ये, कोरोनाच्या पन्नास माणसांच्या नियमात. मुलगा न्यू जर्सीत, तिथलं नागरिकत्व घेतलेला. लग्नानंतर तो परत गेला आणि त्याने बायकोसाठी अर्ज भरला. तिकडे त्याला आय-१३० म्हणतात. मग वाट बघणं सुरू झालं. आमची मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी., कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. व्हिसा कधीही येईल म्हणून तिने नोकरी सोडली, आणि व्हिसा आला २०२२ च्या ऑक्टोबरात! मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत झाली, आणि तुळशीचं लग्न उरकून नोव्हेंबरच्या मध्यावर ती विमानात बसली.

आता इथे एक गंमत सांगते, अर्थात गंमत म्हणवत नाही. अमेरिकेत पाऊल ठेवण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण झाली नसतील तर दोनच वर्षांचं, सशर्त ग्रीन कार्ड मिळतं. दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर थेट दहा वर्षांचं. आमची मुलगी महिनाभर उशिरा गेली असती तर पुढचं अर्धं रामायण घडलंच नसतं. पण लग्नाचा दुसरा वाढदिवस दोघांनी एकत्र करावा असं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं, त्यालासुद्धा.

पहिले सहा महिने बरे गेले. मग त्याची नोकरी गेली, दुसरी मिळाली ती कमी पगाराची. घरात कुरबुरी वाढल्या. हात उगारला नाही कधी. पण फोनवर किती वेळ बोलतेस, कुणाशी बोलतेस, दुकानात किती खर्च केलास, असा रोजचा हिशेब सुरू झाला. तिचं ग्रीन कार्ड आणि पासपोर्ट "सुरक्षित राहावं" म्हणून त्याच्या कपाटात, कुलपात. आणि जुलै २०२३ मध्ये एका भांडणात ते वाक्य आलं, "मी इमिग्रेशनला पत्र लिहितो. स्पॉन्सरशिप मागे घेतो. आठ दिवसांत परत पाठवतील तुला." लगोलग विहीणबाईंचाही इकडे फोन आला, मुलीला समजावा, नाहीतर आमचा मुलगा पत्र टाकणार आहे.

बहिणीने मला रात्री साडेदहाला फोन केला. ती रडत होती. आमचे मेहुणे मागून ओरडत होते, "येऊ दे परत! माझ्या घरात दोन घास जास्त नाहीत का?" बहिणीचं म्हणणं, "जरा दमाने घेईल तर निवळेल सगळं." दोघांचंही प्रेमच ते. पण त्या पत्राने नक्की काय होतं, हे तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांची शिक्षकी अंगात मुरलेली, त्यामुळे माझा स्वभाव असा की जे कळत नाही ते आधी वहीत लिहून काढायचं. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं. कायद्याचं इंग्रजी वाचायला मला शब्दकोश लागतो आणि एका पानाला तास लागतो. पण निवृत्त माणसाकडे तासांना काय तोटा! नातवाने त्या सरकारी कागदांच्या प्रती काढून दिल्या आणि मी बसले. पुढे तिच्या वकीलबाईंनी जे सांगितलं त्याच्याशी ते सगळं ताडून पाहिलं. त्या वहीतलंच आता तुम्हाला सांगते.

'स्पॉन्सरशिप मागे घेतो' या वाक्याचा अर्थ मुलगी कुठल्या पायरीवर उभी आहे यावर ठरतो.

पहिली पायरी, मुलगी अजून भारतातच आहे. इथे नवऱ्याचं वाक्य अगदी खरं. अर्ज त्याचा, तो एका पत्राने मागे घेऊ शकतो. अगदी पासपोर्टवर व्हिसाचा कागद चिकटला असला तरी, ती निघायच्या आत त्याने अर्ज मागे घेतला तर खेळ संपला. बायकोला कुणी विचारत नाही, कारण त्या कागदावर ती फक्त लाभार्थी.

दुसरी पायरी, मुलगी दुसऱ्या एखाद्या व्हिसावर तिथे गेली आहे, लग्न तिथे झालं आणि ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित आहे. निकाल लागेपर्यंत इथेही नवरा अंग काढून घेऊ शकतो.

तिसरी पायरी, ती ग्रीन कार्डधारक म्हणून तिथे दाखल झाली आहे. आमची मुलगी याच पायरीवर होती. आणि इथे ते वाक्य पोकळ आहे! अर्जाचं काम संपलेलं असतं, तो मागे घेण्यासारखं काही उरत नाही. नवऱ्याने आणखी एक कागद भरलेला असतो, आय-८६४, म्हणजे पोषणाची हमी. १९९६ च्या कायद्याने ही हमी म्हणजे सरकारशी केलेला पक्का करार झाली. बायकोचं उत्पन्न तिथल्या सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांच्या खाली जाऊ देणार नाही, असं तो लिहून देतो. तो करार बायको स्वतः कोर्टात जाऊन अंमलात आणू शकते. तो केव्हा संपतो? ती नागरिक झाली, किंवा तिच्या नावावर कामाच्या चाळीस तिमाही जमा झाल्या, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी, किंवा ती देश कायमचा सोडून गेली, किंवा दोघांपैकी एक जण देवाघरी गेला. घटस्फोटाने तो संपत नाही. हे वाक्य मी वहीत दोनदा लिहिलं आणि खाली लाल रेघ मारली.

आणि चौथी पायरी, जिथे आपल्याकडच्या हजारो मुली असतात, ती एच-४ ची. नवरा एच-१बी वर नोकरीला आणि बायको त्याच्या पाठोपाठ. इथे स्पॉन्सरशिप नावाचा करारच नाही. तिचा मुक्काम त्याच्या मुक्कामाला बांधलेला. त्याची नोकरी गेली तर तिचाही पाया हलतो, आणि घटस्फोट पक्का झाला की एच-४ संपला. त्याआधीच विद्यार्थी म्हणून किंवा दुसऱ्या एखाद्या वाटेने तिला आपला दर्जा बदलून घ्यावा लागतो.

आमच्या मुलीच्या पायरीवरसुद्धा एक काटा होताच, तो त्या दोन वर्षांच्या कार्डाचा. हा नियम १९८६ सालचा, खोटी लग्नं लावून कार्ड मिळवणाऱ्यांना आळा घालायला केलेला. दोन वर्षं संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत नवरा-बायकोने मिळून अर्ज करायचा, आय-७५१, की आमचं लग्न खरं आहे, अट काढून टाका. त्यावर दोघांच्या सह्या लागतात. नवऱ्याने सही नाकारली तर? सगळी भीती त्या एका सहीची. पण त्यालाही दार आहे. लग्न खऱ्या मनाने केलं होतं पण मोडलं, असं दाखवता आलं तर ती एकटीने अर्ज करू शकते. नवऱ्याने मारहाण किंवा कमालीचा छळ केला असेल तरीही एकटीने करता येतो, ही सोय १९९० मध्ये झाली. आणि १९९४ च्या एका कायद्याने तर नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराकडून छळ झालेल्या व्यक्तीला, जोडीदाराला पत्ता लागू न देता, स्वतःसाठी स्वतःच अर्ज करता येतो. बायकांच्या नावाने झालेला हा कायदा नवऱ्यांनाही लागू आहे, हे मुद्दाम सांगते.

आता पत्राचं. नवऱ्याने लिहिलेल्या पत्राने काहीच होत नाही, असं नाही. "हिने कार्डासाठीच लग्न केलं" असा आरोप केला तर ते पत्र फायलीत लागतं, पुढे मुलाखतीत प्रश्न विचारले जातात. पण पत्र पडलं आणि आठ दिवसांत पोलीस दारात, असं होत नाही. कार्डधारकाचं कार्ड काढून घ्यायचं तर तिला इमिग्रेशनच्या न्यायाधीशापुढे उभं राहून आपली बाजू मांडायचा हक्क असतो.

हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, परत यायला मला लाज नाही वाटत. पण मला पाठवून दिलं असं नको. यायचं तर मी माझ्या पायांनी येईन." यावर मी काय बोलणार? इतकी वर्षं मुलींना निबंधात 'स्वाभिमान' हा शब्द लिहायला लावला. शब्दाचा अर्थ ती मला सांगत होती.

ऑक्टोबरात त्याने अचानक नरमाई दाखवली. "दिवाळीला माहेरी जाऊन ये, मन रमेल." तिकीटही काढून आणलं, एकाच बाजूचं. मेहुणे खूश, बहीण फराळाच्या तयारीला लागलेली. मला मात्र ते एका बाजूचं तिकीट खटकलं. बायकोला भारतात आणून सोडायचं, कागद स्वतःकडे ठेवायचे आणि एकट्याने परत जायचं, हा प्रकार जुना आहे. कार्डधारक वर्षभराहून जास्त काळ बाहेर राहिली की परत जाणं फार अवघड होतं, सहा महिन्यांनंतरच प्रश्न सुरू होतात. हे मी तिला सांगितलं, "आता तू ठरव" म्हटलं आणि फोन ठेवला. ती गेली नाही. बहीण माझ्याशी तीन आठवडे बोलली नाही. चकल्या एकटीनेच तळल्या तिने त्या वर्षी.

तिकडे अशा बायकांसाठी काम करणाऱ्या आपल्याकडच्या बायकांच्या संस्था आहेत. नावं ऐका, न्यू जर्सीत 'मानवी' (१९८५ पासून), न्यूयॉर्कला 'सखी', कॅलिफोर्नियात 'मैत्री', शिकागोला 'अपना घर'. परक्या मुलखात अडचणीतल्या मुलीने फोन लावावा आणि पलीकडून असा शब्द ऐकू यावा, या कल्पनेनेच मला भरून आलं. अशाच एका संस्थेने तिला विनामोबदला वकील मिळवून दिला. जानेवारी २०२४ मध्ये एक बॅग घेऊन ती त्या घरातून बाहेर पडली. पासपोर्ट आणि कार्ड त्याच्याकडेच राहिलं होतं. पण जाण्याआधी मी तिच्याकडून सगळ्या कागदांच्या दोन-दोन प्रती मागून घेतल्या होत्या, आणि कार्डाचा फोटोही तिने पोचल्या पोचल्या पाठवला होता. परीक्षेच्या उत्तरपत्रिका सांभाळायची सवय, दुसरं काय! त्या प्रतींवरून नव्या कागदांचे अर्ज करणं सोपं गेलं.

२०२४ च्या सप्टेंबरात घटस्फोट झाला. मग एकटीने आय-७५१ भरायची तयारी. आणि इथे मला या सगळ्यातला खरा जाच दिसला. तिला सिद्ध काय करायचं होतं? की लग्न खरं होतं. मोडलेलं लग्न, पण खरं! दोघांच्या नावाचा भाडेकरार, दोघांचं बँकेतलं खातं, एकत्र भरलेलं आयकराचं विवरण, हे तर हवंच. पण फोटोही हवेत, दोन वर्षांच्या ताटातुटीत एकमेकांना पाठवलेले निरोप हवेत. जे फोटो तिने रागाने डिलीट केले होते ते माझ्याकडून, मामेबहिणीकडून परत मागवले. हळदीचे, रुखवताचे, घास भरवतानाचे. "आज जेवलीस का?" "इकडे पहिला बर्फ पडला, तू हवी होतीस." असले निरोप छापून, तारखेप्रमाणे लावून, प्रत्येकाचं इंग्रजी भाषांतर जोडून द्यायचं. जे विसरायचं तेच क्रमवार लावायचं! त्या दिवसांत ती रोज फोन करायची आणि एकच म्हणायची, "मावशी, तो खरंच चांगला होता गं तेव्हा."

मीही एक प्रतिज्ञापत्र लिहिलं. मराठीत, नोटरीसमोर. मी लग्नाला हजर होते, सप्तपदी माझ्या डोळ्यांदेखत झाली, मुलगा-मुलगी एकमेकांकडे बघून हसत होती. 'हसत होती' हे पुराव्याच्या कागदात शोभतं का, असं नोटरीसाहेबांनी विचारलं. मी म्हटलं, तेवढाच तर पुरावा माझ्याकडे आहे.

तो कागद लिहिताना मी जाडजूड इंग्रजी कोश उघडला होता. त्यात कळलं की 'स्पॉन्सर' आणि 'स्पाउज' हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन धातूपासून आलेत, अर्थ वचन देणे. आपल्याकडे वाग्दान, वाङ्निश्चय म्हणतात तसंच हुबेहूब. म्हणजे नवरा आणि जामीन, दोघेही मुळात शब्द देणारेच. अमेरिकन सरकारने आय-८६४ वर जे लिहून घेतलं, त्यातलं थोडंसं आपल्या भटजींनी 'नातिचरामि' म्हणवून घेतलेलं असतंच. फरक एवढाच की आपल्या वचनाला लाल रेघ मारून दाखवायला कागद नसतो.

त्या हमीचे पैसे तिने मागावेत असं मेहुण्यांचं आणि माझं दोघांचंही म्हणणं होतं. ती भीक नव्हे, सही केलेला करार आहे. पण ती तोवर तिकडे एका प्रयोगशाळेत लागली होती. म्हणाली, "दर महिन्याला त्याच्या पैशाची वाट बघायला लागले तर मी त्या घरातून निघालेच नाही असं होईल." पटलं नाही मला, अजूनही नाही. पण हक्क असूनही तो न वापरणं हाही हक्कच असतो, एवढं मान्य करते.

त्या मुलाबद्दल वाईट बोलावंसं मला वाटत नाही. नोकरी गेलेला, घाबरलेला माणूस हातात येईल ते हत्यार उचलतो. त्याच्या हाती व्हिसा आला. दुखणं आहे ते हत्यार त्याच्या एकट्याच्याच हातात असण्याचं.

अर्ज ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला. पोचपावतीच्या पत्राने तिच्या कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढली. निकाल यायचा आहे. मध्ये ती चार आठवड्यांसाठी येऊन गेली. दोन्ही बाजूंचं तिकीट, स्वतःच्या पैशाने काढलेलं.

मुली परदेशात देणाऱ्या आई-बापांना सांगायचं ते एवढंच. आपण पत्रिका बघतो, पगार विचारतो, घर स्वतःचं की भाड्याचं तेही खुबीने काढून घेतो. व्हिसा कुठल्या प्रकारचा, हे विचारायला मात्र संकोचतो. तो विचारा. मुलगी आधारानेच जाणार असेल तर तो आधार कशाने सुटतो, हे तिला स्वतःला माहीत असू द्या. तिच्या पासपोर्टच्या, कार्डाच्या, लग्नाच्या दाखल्याच्या प्रती तुमच्याकडे ठेवा. तिकडे तिच्या नावावर बँकेत खातं असू द्या, थोडे का असेनात पैसे असू द्या. परदेशी कोर्टाचा घटस्फोटाचा कागद घरी आला तर हातपाय गाळू नका. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलंय की तसा प्रत्येक निकाल इथे आपोआप लागू होत नाही. लग्न ज्या कायद्याखाली झालं त्यातली कारणं आणि बायकोला मिळालेली खरीखुरी संधी हे बघितलं जातं. राष्ट्रीय महिला आयोगात अशा तक्रारींसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे, त्याची माहिती असू द्या.

आणि रात्री साडेदहाला फोन आलाच, तर "परत ये" किंवा "दमाने घे" म्हणायच्या आधी तिला एक विचारा, बाई, तुला काय करायचंय? आमच्या घरात हा प्रश्न सुचायला तीन महिने लागले. तुमच्याकडे त्याआधी सुचो.